उद्या दुपारी पंचवीस पानं: गणपतीतल्या जेवणाची एका रात्रीत तयारी

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी सातला फोन येतो, "उद्या दुपारच्या आरतीला आम्ही सगळेच येतोय", आणि मोजायला बसलं की पंचवीस पानं होतात. आरतीला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवायचं नसतं. हे मार्गदर्शन आजवर आठ-दहा माणसांपलीकडे स्वयंपाक न केलेल्यांसाठी आहे. घरात दोन बर्नरचा गॅस, पाच लिटरचा कुकर, एक मोठं पातेलं, नेहमीचा फ्रिज आणि मदतीला दोन-तीन माणसं आहेत, असं धरून पुढचं सगळं सांगते.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. अशा वेळी सामान कमी पडत नाही, दुकानं उघडी असतात. हातही सहसा कमी पडत नाहीत, शेजारपाजार असतो. कमी पडतो तो बर्नर. अकरा ते साडेबारा या दीड तासात भात, वरण, उसळ, पुऱ्या, पापड सगळ्यांनाच विस्तव हवा असतो आणि विस्तव दोनच ठिकाणी असतो. म्हणून पदार्थ ठरवताना "काय छान लागेल?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की शेवटच्या तासात याला बर्नर लागणार आहे का?

काय करायचं, आणि काय सोडायचं

फोन ठेवला की कागद-पेन घेऊन बसा. मनात येणाऱ्या प्रत्येक पदार्थापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: रात्री, सकाळी, ऐनवेळी. 'ऐनवेळी'च्या रकान्यात तीनपेक्षा जास्त पदार्थ आले तर चौथा खोडा, मग तो कितीही आवडता असो. भात, पुऱ्या आणि वरण गरम करणं एवढ्यानेच तो रकाना भरतो.

या कसोटीवर पुरणपोळी लगेच बाद होते. माणशी दोन म्हटल्या तरी पन्नास पोळ्या, एकेक पोळी तव्यावर दोन-तीन मिनिटं, म्हणजे एक बर्नर दोन तास तिच्याच नावावर. उकडीच्या मोदकांचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण गणपती आहे आणि मोदक नाहीत हे कुणालाच रुचत नाही. पण पंचवीस माणसांना तीन-तीन म्हणजे पंचाहत्तर मोदक, आणि मुखऱ्या, म्हणजे मोदकाच्या कळ्या, पाडणारा हात सरावाचा नसेल तर तिथेच सकाळ संपते. माझं मत स्पष्ट आहे: २१ मोदक करावेत, ते देवाला. नैवेद्यानंतर तेच प्रसाद म्हणून सगळ्यांना अर्धा-अर्धा. पानातलं गोड दुसरं असावं.

ते दुसरं गोड म्हणजे श्रीखंड. त्याला विस्तव अजिबात लागत नाही, ते रात्रीच होतं आणि सकाळपर्यंत मुरून जास्त चांगलं लागतं. घरी दही टांगायला आता वेळ नाही, म्हणून डेअरीतून चक्का आणा. सणाच्या दिवसांत चक्का लवकर संपतो, तेव्हा पहिला फोन डेअरीला करा आणि बाजूला ठेवायला सांगा. चक्का मिळालाच नाही तर तयार श्रीखंड आणा. त्यात कमीपणा काही नाही. घरी वेलची-जायफळ घालून ढवळलं की पुरे.

बाकीचा बेत असा: साधं वरण-भात, मसालेभात, बटाट्याची पिवळी सुकी भाजी, पांढऱ्या वाटाण्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, पुऱ्या, मठ्ठा, पापड-कुरडया, लोणचं. उसळीला मटकी सुचेल, पण मटकी भिजवून मोड यायला एक रात्र पुरत नाही. भाजीवालीकडे मोडाची मिळाली तर जरूर घ्या, नाहीतर वाटाणे रात्री भिजवले की सकाळी तयार. अळूचं फदफदं मला फार प्रिय आहे, तरी ते इथे सुचवत नाही. पंचवीस जणांचं अळू धुऊन, देठ सोलून, चिरायला एक माणूस तासभर अडकतो.

नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नको हे ठाऊक असेलच. चातुर्मासात पुष्कळ जण वांगंही खात नाहीत, म्हणून मसालेभातात तोंडली घाला.

किती लागेल

नवख्या माणसाची खरी भीती इथे असते. भीतीपोटी सगळंच दुप्पट आणलं जातं आणि मग दोन दिवस तोच मसालेभात खावा लागतो. सणाच्या पानात पदार्थ जास्त असतात, त्यामुळे प्रत्येक पदार्थ थोडाच जातो. २५ मोठ्या माणसांसाठी हा अंदाज पुरतो:

- साध्या भाताला आंबेमोहोर पाऊण किलो, मसालेभाताला कोलम सव्वा किलो, आणि एक किलो कोलम जास्तीचा, न शिजवता ठेवायला
- तूरडाळ अर्धा किलो
- पांढरे वाटाणे पाऊण किलो
- बटाटे ३ किलो, तोंडली पाऊण किलो
- काकड्या दीड ते दोन किलो, शेंगदाणे पाव किलो
- नारळ ५ (चटणीला दोन, मोदकाच्या सारणाला एक, उसळ आणि मसालेभातावर पेरायला एक, एखादा खवट निघाला तर एक)
- कणीक २ किलो, तेल २ लिटर
- चक्का दीड किलो, साखर सव्वा किलो
- दही दीड किलो, मठ्ठ्यासाठी आणि थोडं कोशिंबिरीसाठी
- तूप ३०० ग्रॅम, लिंबं ८
- तांदळाची पिठी अर्धा किलो, गूळ अर्धा किलो
- कोथिंबिरीच्या ३ जुड्या, हिरव्या मिरच्या पाव किलो, आलं, कढीपत्ता
- केळीची पानं ३०, कारण दोन-तीन फाटतातच

पुऱ्यांचा हिशेब असा, की एक किलो कणकेत बेताच्या आकाराच्या ५५ ते ६० पुऱ्या होतात. माणशी चार धरल्या तर दोन किलोत थोड्या उरतीलच. लाटायला आणि तळायला मिळून तीन माणसं उभी राहणार नसतील तर पुऱ्यांचा हट्ट सोडा आणि रात्रीच पोळीभाजी केंद्रात ६० पोळ्या सांगून ठेवा. गणपतीत त्यांच्याकडे गर्दी असते, सकाळी फोन करून चालत नाही.

बाजाराला निघण्याआधी दोन गोष्टी तपासा. भरलेला दुसरा सिलिंडर घरात आहे का, आणि पाहुण्यांत कुणी मधुमेहाचे किंवा तिखट न चालणारे आहेत का. सिलिंडर नसेल तर शेजारी विचारून ठेवा. आणि शेजारी विचारताच आहात तर अकरा ते बारा या वेळेत त्यांचा एक बर्नरही मागून घ्या. उसळ गरम ठेवायला तेवढा पुरतो. घरात इंडक्शन असेल तर तेच काम त्यावर करा.

रात्री

बाजारातून आल्या आल्या, पिशव्या आवरण्याआधी, वाटाणे धुऊन भरपूर पाण्यात भिजत टाका. त्यांना आठ तास लागतात आणि हेच काम विसरतं.

मग चक्का आणि साखर हाताने एकत्र करून झाकून तासभर ठेवा. साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पुरणयंत्र नसेल तर साध्या पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासलं तरी गाठी मोडतात. चक्का आंबट असेल तर साखर सगळी घाला, गोडसर असेल तर एक किलोवर थांबून चव बघा. (नैवेद्याआधी चव घ्यायची नसेल तर डेअरीतच चक्का चाखून या.)

बटाटे दोन खेपांत उकडा. गरम असतानाच सोला, गार झाले की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बटाटे कुकरमध्ये असताना दुसऱ्या बर्नरवर दाणे भाजून घ्या आणि नंतर त्यांचं कूट करा. नारळ खवून ठेवा. एका नारळाचं खवलेलं खोबरं आणि वाटीभर गूळ मंद आचेवर परतून मोदकाचं सारण करा, वेलची घाला, झाकून ठेवा. तोंडली धुऊन, पुसून, उभी चिरा. कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा.

पापड-कुरडया रात्रीच तळून टाका. भाद्रपदातली हवा दमट असते, म्हणून पूर्ण गार झाल्यावर कागद घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कुरकुरीत राहतात. नैवेद्याला आदल्या दिवशीचं नको असेल तर दोन पापड सकाळी पुऱ्यांच्या तेलात तळता येतील, त्याला दोन मिनिटं पुरतात.

रात्री काय करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. भात शिजवून ठेवू नका. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यात वाढलेल्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. काकडी चोचवून ठेवू नका, पाणी सुटतं. चटणी वाटू नका, ओला नारळ वाटल्यावर लवकर उतरतो. कणीक भिजवू नका, पुऱ्या तेल पितात. ही चार कामं दुसऱ्या दिवसाचीच.

झोपण्याआधी ओटा मोकळा करा आणि उद्या लागणारी प्रत्येक गोष्ट, डाव-झाऱ्यापासून हिंगाच्या डबीपर्यंत, बाहेर काढून ठेवा. मदतीला येणाऱ्यांची कामं कागदावर लिहून फ्रिजला लावा. सकाळी मदतनीस तुम्हाला "मी काय करू?" असं विचारत मागे फिरू लागले की काम दुप्पट वाढतं.

सकाळी

साडेबाराला पान वाढायचं, बाराला आरती. तिथून उलटं मोजत या.

सातला वाटाणे कुकरला लावा, तीन शिट्ट्या. कुकर कधीही निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. डाळ, कडधान्य, भात फुगतात, फेस शिट्टीत अडकतो. पाच लिटरच्या कुकरचं माप म्हणूनच एका खेपेला अर्धा किलो डाळ किंवा पाऊण किलो तांदूळ. भिजलेले वाटाणे दोन खेपांत लावा. एकीकडे मोठ्या पातेल्यात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करा. त्यावर आलं-मिरचीचं वाटण, शिजलेले वाटाणे, गोडा मसाला, आमसुलं आणि गूळ. सव्वाआठपर्यंत उसळ झाली पाहिजे. कोथिंबीर-खोबरं वाढतानाच घाला.

मग कुकरला डाळ, हळद-हिंग घालून. दुसऱ्या बर्नरवर बटाट्याची भाजी: फोडणीत उडदाची डाळ तांबूस होऊ द्या, मिरच्या, आलं, कढीपत्ता, हळद, मग बटाट्याच्या फोडी. ही भाजी कोमट वाढली तरी चांगलीच लागते, म्हणून ती लवकर करून टाकायला हरकत नाही. डाळ शिजली की रवीने घोटून, मीठ आणि किंचित गूळ घालून वरण तयार करा.

साडेनऊला मोदकांची उकड. दोन वाट्या पाण्यात चमचाभर लोणी किंवा तूप आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणा. दोन वाट्या पिठी एकदम घालून ढवळा, झाकण ठेवून दोन वाफा द्या आणि गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळा. उकड चिरत असेल तर ती कोरडी आहे, पाण्याचा हात लावत आणखी मळा. एवढ्या पिठीत मध्यम आकाराचे वीस-एकवीस मोदक होतात. मोदकपात्रात दहा ते बारा मिनिटांच्या दोन खेपा. पाऱ्या, म्हणजे उकडीच्या वाट्या, करणारी व्यक्ती एकच असू द्या, दुसरीने सारण भरायचं. मुखऱ्या कमी पडल्या तरी चालेल, तोंड नीट मिटलेलं हवं.

मोदक होत असताना चटणी वाटून घ्या, दही घुसळून मठ्ठा करा, काकडी सोलून ठेवा. पावणेअकराला कणीक: गरम तेलाचं मोहन, मूठभर रवा, घट्ट भिजवलेली. सैल झाली तर पुऱ्या फुगत नाहीत.

अकराला मोठ्या बर्नरवर मसालेभात. फोडणीत काजू आणि तोंडली परतून घ्या, मग धुऊन निथळलेले तांदूळ आणि चार मोठे चमचे गोडा मसाला. तांदळाच्या दुप्पट मापाचं उकळतं पाणी ओता. गार पाणी ओतलं तर पुन्हा उकळी यायलाच पंधरा मिनिटं जातात, म्हणून ते आधीच दुसऱ्या बर्नरवर तापवून घ्या. पाणी आटत आलं की आच मंद करा आणि झाकण ठेवा. शिजल्यावर पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलं तर भात तासभर चांगला गरम राहतो. त्यासाठी बर्नर अडवून ठेवू नका.

सव्वाअकराला दुसऱ्या बर्नरवर साधा भात. मसालेभात उतरला की त्या जागी तेलाची कढई. नैवेद्यापुरत्या पाच-सहा पुऱ्या आणि दोन पापड तळा, गॅस बंद करा आणि हात धुऊन आरतीला या. सगळ्या पुऱ्या आरतीआधीच तळण्याच्या मागे लागू नका. पंगतीत पहिली मूद वरण-भाताची असते. ती खाईपर्यंत दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात लाटलेल्या पुऱ्या गरम गरम पानात येतात. आपल्या पंगतीची रीतच इथे मदतीला येते, तिचा उपयोग करून घ्या.

मिठाचं काय करायचं

नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही, आणि नवख्या हाताला मोठ्या मापाच्या मिठाचा अंदाज नसतो. यावर उपाय मोजण्याचा. शिजून तयार झालेल्या एक किलो पदार्थाला साधारण आठ ते दहा ग्रॅम मीठ लागतं, आणि चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ म्हणजे पाच-सहा ग्रॅम. त्या हिशेबाने वरच्या मापांना वरणात ४ चमचे, बटाट्याच्या भाजीत ५, उसळीत साडेचार, मसालेभातात ७, साध्या भातात अर्धा, मठ्ठ्यात ४. कोशिंबिरीत २, पण तेही अगदी वाढायच्या वेळी. चमचा सपाटच हवा, शीग नको. कमी वाटलं तर नैवेद्यानंतर वाढवता येतं, आणि पानात मीठ वाढलेलं असतंच.

पान आणि पंगत

घरात एका वेळी पंचवीस पानं बसत नसतील तर तेरा आणि बारा अशा दोन पंगती करा. मुलं, वयस्कर आणि औषधाच्या वेळा असलेले पहिल्या पंगतीला. पहिली पंगत बसण्याआधीच दुसरीचं श्रीखंड, भाजी आणि उसळ वेगळ्या भांड्यांत काढून झाकून ठेवा. वाढणाऱ्याचा हात प्रेमाने सैल सुटतो, आणि शेवटी जेवणाऱ्यांना, म्हणजे बहुधा घरच्या बायकांना, उरलंसुरलं येतं. तसं होऊ देऊ नका.

केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, खाली पापड-कुरडई. उजवीकडे बटाट्याची भाजी, मग उसळ, आणि श्रीखंड शक्यतो वाटीत, नाहीतर ते पानावर पसरतं. मध्ये भाताची मूद, तीवर वरण, शेवटी तूप. घरोघरी यात थोडाफार फरक असतो. तुमच्या सासर-माहेरची रीत वेगळी असेल तर तीच पाळा.

वाढायला दोघं पुरतात. एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. भात आणि पुऱ्या तिसऱ्याकडे दिल्या तर उत्तम. पाण्याचे तांबे आधीच भरून ठेवा.

आणि ऐनवेळी पंचवीसचे बत्तीस झाले तर? जास्तीचा कोलम त्यासाठीच आणला आहे. पाऊण किलोचा कुकर लावा, वीस मिनिटांत होतो. वरणात गरम पाणी, चिंच-गूळ, गोडा मसाला घालून वरून फोडणी दिली की आमटी होते आणि ती सात माणसांना सहज पुरते. मठ्ठ्यात थोडं पाणी आणि मीठ वाढवा. श्रीखंडात मात्र दूध-बिध घालून वाढवू नका, सगळ्यांना थोडं थोडं लहान वाटीतून द्या.

जेवणं आटोपली की भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये जाऊ द्या. चटणी आणि कोशिंबीर उरली तर संध्याकाळपर्यंत संपवा. बटाट्याची भाजी आणि पुऱ्या परतीच्या प्रवासाला निघालेल्यांच्या डब्यात चांगल्या जातात, म्हणून रिकामे डबे सकाळीच धुऊन काढून ठेवा. तळणीचं तेल गार झाल्यावर गाळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा.